सांगणारी एकच असावी

निर्मलाबाई गेल्या त्या दुपारी नुसत्याच गेल्या होत्या. तिसऱ्या दिवशी त्यांना तहान लागली. पाचव्या दिवशी त्यांनी पाणी मागितलं. आणि आठवडा उलटेपर्यंत त्या पाणी पाणी करत गेल्या.

हा फरक घरात फक्त एकीच्या लक्षात आला होता, आणि तिला बोलायची मुभा नव्हती. ती म्हणजे अमृता, निर्मलाबाईंची थोरली लेक. जळगावच्या एका कॉलेजात ती मराठी शिकवत असे. धाकट्या भावाचा, प्रशांतचा फोन आला तेव्हा वर्गात होती. बुऱ्हाणपूरला पोचली तेव्हा आईला ओसरीवर आणून निजवलं होतं. तेव्हापासून ती भिंतीला टेकून बसली होती. येणाऱ्या बायकांच्या गळ्यात पडत होती आणि पुन्हा भिंतीला टेकत होती.

शिकारपुरा मोहल्ल्यातल्या या घराची रीत जुनी. दुखवट्याला बायका घोळक्यानं येत. गल्लीच्या तोंडाशीच हेल काढत, उंबऱ्यात गळामिठी होई, मग डोळे धुऊन पाणी पिऊन सगळ्या सतरंजीवर बसत. जरा निवांत झालं की त्यांच्यातली वयस्कर बाई विचारी, ‘‘कसं झालं वं माय?’’ आणि मग घरातली एक बाई सांगे. एकच. दोन तोंडांनी सांगितलं तर दोन मरणं होतात, आणि माणूस तर एकदाच मेलेलं असतं, असं म्हणत. सांगण्याचा मान गेलेलीच्या नणंदेचा. लेकींनी रडायचं, सुनांनी पाणी द्यायचं.

नणंद म्हणजे सोजरबाई, अमृताची आत्या. सडपातळ, ताठ, पांढऱ्या केसांचा घट्ट अंबाडा. तरुणपणीच नवरा गेला, मूलबाळ नाही. भावाच्या घरी राहून तिनं बालवाडी चालवली, आणि भाऊ गेल्यावर गावातच, लालबागेत स्वतःची खोली घेतली. गावातल्या दोन पिढ्यांना तिनं गोष्टी सांगितल्या होत्या. अमृताच्या कानावर पडलेली पहिली गोष्ट आत्याचीच. आत्याच्या गोष्टीत कुणी एकदा हाक मारत नसे, तीनदाच मारी. दार वाजायच्या आधी कुत्रं भुंके. आणि सगळ्यात महत्त्वाच्या जागी ती थांबून आपला पदर सारखा करी. तेवढ्या वेळात पोरांचा श्वास अडकलेला असे.

आई अगदी उलट. निर्मलाबाई शाळेत गणित शिकवायच्या. ‘‘आज काय झालं गं आई शाळेत?’’ असं विचारलं की म्हणायच्या, ‘‘काही नाही. शाळा झाली.’’ त्यांनी सांगितलेल्या गोष्टीला ना शेंडा असे ना बुडखा. राजा असे, राणी असे, आणि मग निर्मलाबाईंना झोप लागे.

आता त्यांचं मरण आत्याच्या हाती लागलं होतं.

सातव्या दिवशी सकाळी जैनाबादहून धुरपदाबाईंचा घोळका आला. धुरपदाबाई नात्यानं लांबच्या, पण दुखवट्याला जवळच्या. कुठल्याही मयताला पहिल्या आठवड्यात दोनदा येणार. रडणं झालं, डोळे पुसून झाले, विचारणं झालं.

‘‘सकाळपासून तिचं मन लागत नव्हतं,’’ आत्यानं सुरुवात केली. ‘‘दारात उभी राहून म्हणे, आज उजेड वेगळाच दिसू राहिला.’’

‘‘कळतं वं, कळतं मानसाले,’’ एकजण म्हणाली.

‘‘जेवण बी गेलं नाही. दोन घास खाल्ले अन् आडवी झाली. मंग घसा सुकला. उशाशी गिलास व्हता, तो बी रिकामा. हाक मारली, तृप्ती, पाणी दे. कोनी आलं नाही. परत मारली. कोनी आलं नाही. तिसऱ्यांदा आवाज बी निघेना. हात लांब केला, तं गिलास खाली पडला.’’

‘‘अन् सून?’’

आत्यानं पदर सारखा केला.

‘‘घरातच व्हती,’’ ती हळू म्हणाली. ‘‘फोनवर.’’

नेमकं त्याच वेळी तृप्ती पाण्याचे पेले घेऊन बाहेर आली. ती प्रशांतची बायको, शाळेत जाणाऱ्या भूमिकाची आई; माहेर तुकईथडचं. तिनं ट्रे पुढे केला. बायका ट्रेकडे बघत राहिल्या.

‘‘राहू दे बाई,’’ धुरपदाबाई म्हणाल्या. ‘‘आमची तहान काही जीव जान्यासारखी नाही.’’

मग कुणीच पेला उचलला नाही. तृप्ती तशीच वळली. पेल्यांतलं पाणी डचमळलं, पण सांडलं नाही.

अमृता दर वर्षी फळ्यावर एक डोंगर काढायची. पायथ्याशी प्रास्ताविक, मग चढण, चढणीवर संघर्ष आणि गुंतागुंत, माथ्यावर उत्कर्षबिंदू, पलीकडे उतार, उतारावर उलगडा. रावेरकडची पोरं मागून म्हणायची, ‘‘मॅडम, हा तर असीरगडचा किल्ला.’’ ती हसू दाबून पुढे शिकवायची. एकामागून एक घडतं ती हकीकत. एकामुळे दुसरं घडतं ते कथानक. वाचकाला ‘मग काय झालं’ एवढ्यानं पुरत नाही, त्याला ‘कशामुळे’ हवं असतं. वर्षानुवर्षं हे वाक्य तिनं वह्यांमध्ये उतरवून दिलं होतं. ते ‘मुळे’ आता ट्रे घेऊन स्वयंपाकघरात चाललं होतं.

ती उठली आणि मागोमाग आत गेली. तृप्ती न प्यायलेलं पाणी एकेका पेल्यातून माठात परत ओतत होती.

‘‘ताई, तुम्ही पण विचारून घ्या,’’ ती मान वर न करता म्हणाली. ‘‘सगळ्यांचं विचारून झालं.’’

‘‘काय विचारू?’’

‘‘फोनवर होती का म्हणून.’’

‘‘होतीस?’’

‘‘होते.’’ तिनं शेवटचा पेला उपडा घातला. ‘‘रोजच असते. आई जेवून पडल्या की मी मम्मीला फोन लावते. भूमिका शाळेतून यायच्या आत अर्धा घंटा. आईंनाच माहीत होतं. त्याच म्हणायच्या, जा, बोलून घे तुझ्या मायशी, मी पडते जरा.’’

‘‘हाक ऐकलीस?’’

‘‘नाही.’’ मग तिनं पुढे म्हटलं, ‘‘पण ऐकली नाही म्हणजे मारली नाही, असं मी नाही म्हणू शकत ताई. मधलं दार लोटलेलं, पंखा चालू. मला नाही माहीत. चहा घेऊन गेले तेव्हा हात थंड होता. बस एवढंच माहीत आहे.’’

‘‘आणि गिलास?’’

‘‘गिलास कुठला? उशाशी त्यांची बाटली असते ना, भूमिकाची जुनी, पेंग्विनवाली. अर्धी भरलेली होती. ती सांगून पण झाली सगळ्यांना. बाटली कुणाला नकोय.’’

साफ ‘नाही’ ठोकून दिलं असतं तर ती निम्मी सुटली असती. तिनं ते केलं नाही, हे अमृतानं मनात ठेवलं. डॉक्टरही काही वेगळं म्हणाले नव्हते. झोपेतच हृदय बंद पडलं असावं, असं त्यांनी तपासून सांगितलं होतं. पण ‘असावं’वर गोष्ट उभी राहत नाही, आणि पेंग्विनच्या बाटलीवर तर नाहीच.

दुपारी प्रशांत मंडईतून आला. केळीच्या खरेदीविक्रीचं त्याचं छोटं ऑफिस होतं. सुतकातही माल थांबत नसल्यानं तो तासभर जाऊन येई. हातपाय धुऊन तो तिच्याजवळ बसला आणि बराच वेळ टॉवेलची घडी घालत राहिला.

‘‘ताई, एक ठरवलंय. बाराव्याला तुकईथडचे लोक येतीलच. तृप्तीला त्यांच्याच गाडीत पाठवून देतो.’’

‘‘किती दिवस?’’

‘‘बघू ना. वातावरण शांत होईपर्यंत.’’

‘‘आणि भूमिका?’’

‘‘तिची शाळा आहे. ती इथंच राहील.’’

अमृताला बोलतं करायची त्याची जुनी पद्धत होती. तो आपणच पुढे बोलत जाई.

‘‘मंडईत लोक विचारतात यार. हमाल पण विचारतात, सेठ, माताजीने पानी माँगा था क्या. काय सांगू? आणि मतलब, मला पण वाटतं ना. मागितलं असेल तर? मी इथं असतो तर दिलं असतं.’’

‘‘मागितलं असेल तर, की मागितलं?’’

‘‘तू कॉलेजची भाषा नको लावू, ताई. आई गेली आहे.’’

‘‘माझीही गेली आहे.’’

टॉवेल खांद्यावर टाकून तो उठून गेला. अमृताला त्याचा राग आला नाही. तिला स्वतःची धास्ती वाटली. कारण पाचव्या दिवशी, आत्याच्या तोंडी पहिल्यांदा ते पाणी आलं तेव्हा, एका क्षणापुरतं तिलाही बरं वाटलं होतं. आई विनाकारण गेली, यापेक्षा कुणीतरी चुकलं म्हणून गेली, हे सोसायला सोपं होतं. चुकलेल्या माणसावर दात धरता येतो. पंख्याच्या आवाजावर आणि लोटलेल्या दारावर धरता येत नाही.

संध्याकाळच्या आधी ती गच्चीवर गेली. आत्या उन्हाकडे पाठ करून सुपारी कातरत बसली होती.

‘‘आत्या, पाणी कुठून आणलंस?’’

अडकित्ता चालूच राहिला. ‘‘कोन्तं पाणी?’’

‘‘आईनं मागितलेलं.’’

‘‘मागतलं असंल.’’

‘‘तू लालबागेत होतीस.’’

‘‘तू जळगावले व्हती. प्रशांत मंडईत व्हता. मंग तुमाले तरी काय माहीत, नाही मागतलं म्हणून?’’ आत्यानं कातरलेली सुपारी डबीत टाकली. ‘‘हे पाह्य माय. पहिल्या दिवशी मी खरंच सांगतलं का नाही? जेवली, झोपली, गेली. सिंधीपुऱ्याच्या बायका आल्या व्हत्या. ‘बरं झालं, सुटली’ म्हणे, अन् उठल्या. चहा बी पुरा नाही पिल्या. जिनं अर्ध्या गावाले पाढे शिकवले, तिच्यासाठी कोनाचा डोळा ओला झाला नाही. मले घरी जाऊन जेवण गेलं नाही. गोष्टीत पाणी आलं, तवा बाया रडल्या.’’

‘‘आणि तृप्ती?’’

‘‘गोष्टीत कोनीतरी लागतं ना वं. तूच तं शिकवते म्हणे पोराईले. काय म्हणतात त्याले, संघर्ष. नुसतं चांगलं चांगलं सांगतलं तं कोन बसंल?’’

अमृताला हसू आलं. आजवर वाचलेल्या सगळ्या पुस्तकांच्या तळाशी ही बाई होती. वादात तिला हरवणं म्हणजे स्वतःच्या पायाखालची फळी काढून घेण्यासारखं होतं.

‘‘तृप्ती गोष्टीतली नाही, आत्या. ती खाली भांडी घासते आहे. प्रशांत तिला बाराव्याला तुकईथडला पाठवतोय. पोरीला इथं ठेवून.’’

अडकित्ता थांबला.

‘‘मी नाही सांगतलं त्याले असं.’’

‘‘तू नाही, तुझ्या गोष्टीनं सांगितलं.’’

‘‘दोन महिन्यांनी आनंल परत. लोक विसरतात.’’

‘‘बाराव्याला जे सांगितलं जातं ते विसरत नाहीत, हे तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.’’

आत्यानं डबीचं झाकण लावलं. ‘‘आता माझ्याच कानात ऐकू येते तिची हाक,’’ ती म्हणाली. ‘‘सांगून सांगून. तीनदा. खरं काय न् खोटं काय, मी कुठून काढू आता? बाराव्याले मधे बोलू नको. सांगणारी एकच असते.’’

बाराव्या दिवशी गंधमुक्ती. त्या दिवशी सुतक फिटतं, पाहुण्यांच्या कपाळी गंध लागतं, जेवणं होतात आणि गावोगावची माणसं आपापल्या वाटेला लागतात. जाताना जे ऐकलेलं असतं ते बरोबर नेतात. खकनारला, रावेरला, नेपानगरला तेच पोचतं, आणि मग ते कुणाच्या बापाला बदलता येत नाही.

सकाळीच तुकईथडची जीप आली. व्याही भिकन पाटील पुरुषांत जाऊन बसले. तृप्तीची आई सुमनबाई दुखवट्याचं लुगडं घेऊन आत आली. लेकीच्या गळ्यात पडली ती सोडेना. तिच्या कानावर सगळं आधीच गेलं होतं, हे तिच्या खाली घातलेल्या मानेवरून कळत होतं. प्रशांतनं तृप्तीची बॅग उचलून जीपच्या मागच्या बाजूला ठेवली. ती ठेवताना त्यानं कुणाकडे पाहिलं नाही.

माजघर बायकांनी भरलं. सतरंजी पुरली नाही म्हणून चादरी अंथरल्या. धुरपदाबाई अगदी पुढे बसल्या होत्या, शेजारी त्यांची जाऊ मालूबाई. तृप्ती स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली. कुणीतरी विचारायचं ते विचारलं. आत्यानं घसा साफ केला.

‘‘सकाळपासून तिचं मन—’’

‘‘आत्या, मी सांगते,’’ अमृता म्हणाली.

ती भिंतीपासून उठून पुढे येऊन बसली होती. खोलीत कुजबुज झाली आणि थांबली.

‘‘अवो, लेकी सांगत नसतात,’’ धुरपदाबाई म्हणाल्या.

‘‘माहीत आहे मला. मी सांगणार आहे.’’

‘‘दोन तोंडं झाली तं—’’

‘‘दोन नाही होणार. आत्या गप्प बसेल. मी एकटीच सांगेन.’’

आत्या तिच्याकडे बघत राहिली. त्या नजरेत राग होता आणि दुसरंही काही होतं; हे पोरगं आता चुकणार, असं बालवाडीतल्या बाईला आधीच दिसतं, तसं.

‘‘आई दुपारी जेवून झोपली,’’ अमृता म्हणाली. ‘‘चारला तृप्ती चहा घेऊन गेली तेव्हा ती गेलेली होती. झोपेत गेली असं डॉक्टर म्हणाले. तिनं हाक मारली का, कुणालाच माहीत नाही. उशाशी पाण्याची बाटली होती, अर्धी भरलेली. एवढंच. हा शेवट.’’

बायका वाट बघत राहिल्या.

‘‘झालं?’’ मालूबाईंनी विचारलं. त्यांचा स्वर खरोखरच निराश होता.

‘‘शेवट झाला. आता गोष्ट सांगते.’’

वर्गात ती कधीच शेवटापासून सुरुवात करत नसे. माथा कुठे आहे ते पोरांना शोधू द्यायची. पण इथं सगळे डोंगराच्या चुकीच्या टोकाकडे बघत बसले होते, आणि त्यांची मान वळवायला दुसरा उपाय नव्हता. त्यासाठी जी गोष्ट सांगायची होती ती निम्मी आत्याची होती. आत्याला विचारलं असतं तर ती नको म्हणाली असती. म्हणून अमृतानं विचारलं नव्हतं. हे बरं नाही, हे तिला कळत होतं, आणि ती थांबणार नव्हती.

‘‘आई लग्न होऊन या घरात आली त्याच वर्षी आत्याचे मालक गेले. रावेरला. आत्याच्या लग्नालाही वर्ष पुरं नव्हतं. दुखवट्याला आई आत्याच्या सोबतीला म्हणून तिथं राहिली. तिथं सांगणारी होती आत्याची चुलतसासू. ती काय सांगायची? पोरगा वाघासारखा होता. हिनं उंबरठा ओलांडला आणि घराचा दिवा मालवला. पोरीचे पायच पांढरे.’’

पुढे बसलेल्या दोघीतिघींची नजर, नको असताना, आत्याच्या पावलांकडे गेली.

‘‘पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा आई मागून म्हणाली, ‘त्यांना कावीळ झाली होती.’ बस, तेवढंच. चुलतसासूनं डोळे मोठे केले. दुसरा घोळका आला, पुन्हा पांढऱ्या पायांपर्यंत गोष्ट आली, आई पुन्हा म्हणाली, ‘कावीळ झाली होती.’ नवी नवरी, परक्या गावात, व्याह्यांच्या घरी. तिला स्वयंपाकघरात पाठवलं. गोष्ट पायांपर्यंत आली की स्वयंपाकघरातून आवाज यायचा, ‘कावीळ.’ मग तिला मागे गोठ्यात बसवलं. गोठ्यातून तर आणखी मोठ्यानं यायचा, कारण लांबून ऐकू जायला हवं ना.’’

मागे कुणीतरी तोंडाला पदर लावला. बाराव्याला हसू नये.

‘‘रावेरच्या बायकांनाही असंच हसू यायचं. गोष्ट पायांशी आली की सगळ्या गोठ्याकडे कान लावून बसायच्या. सांगणारी थांबायची. आणि थांबलेली गोष्ट सांगता येत नाही. शेवटी आत्याचे मोठे सासरे म्हणाले, तुमची पोर घेऊन जा, आणि ही कावीळपण घेऊन जा. आई आत्याला घेऊन इथं आली. आईला गोष्ट सांगता येत नव्हती. एकही नाही, तुम्हाला माहीत आहे. पण तिला गोष्ट मोडता येत होती. माझ्या आईची गोष्ट तिथं आहे, त्या गोठ्यात. त्या दुपारी नाही. त्या दुपारी ती नुसती संपली.’’

तिचं बोलणं संपलं, आणि आता आपण रडू असं तिला वाटलं. ती रडली नाही.

‘‘गोठा नव्हता तो,’’ आत्या म्हणाली.

सगळ्यांच्या माना तिकडे वळल्या.

‘‘चाऱ्याची खोली व्हती. गोठा त्याच्या बी मागं. सांगायचं तं नीट सांग.’’ आत्याचा आवाज कोरडा होता. तिनं पदराला हात लावला, पण तो सारखा केला नाही. नुसता धरून ठेवला. ‘‘अन् अर्धंच सांगतलं हिनं. अर्धंच माहीत हाय तिले. मले निर्मलाचा राग आला व्हता तवा. लई राग. मी म्हणे, चूप बस ना वं. पांढऱ्या पायाची तं पांढऱ्या पायाची, निदान तो माझ्यापायी तरी गेला. कावीळ म्हटली की मी कोनीच नाही उरत. मी तिच्याशी आठ दिवस बोलली नाही. ती तरी कावीळ कावीळ करतच व्हती.’’

‘‘मंग?’’ मालूबाई पुढे सरकून म्हणाल्या.

‘‘मंग काय. जगली मी.’’

मालूबाईंना राहवलं नाही.

‘‘अन् वं सोजरबाई, ते पाण्याचं?’’

आत्यानं सुमनबाईकडे पाहिलं. सुमनबाईनं मान खालीच ठेवली होती. मांडीवर दुखवट्याच्या लुगड्याची घडी तशीच होती, द्यायची राहून गेलेली.

‘‘मी लालबागले व्हते,’’ आत्या म्हणाली. ‘‘मी नव्हते इथं. पाण्याचं मले काही माहीत नाही.’’

ओसरीतून पुरुषांच्या बोलण्याचा आवाज येत होता. दाराशी प्रशांत उभा होता, कपाळावर ओलं गंध. तो केव्हापासून तिथं होता ते कुणाला कळलं नव्हतं.

तृप्तीनं स्वयंपाकघराची चौकट सोडली.

‘‘मम्मी, मी नाही येत,’’ ती म्हणाली.

सुमनबाईनं वर पाहिलं, मग जावयाकडे.

‘‘बॅग गाडीत आहे,’’ प्रशांत म्हणाला.

‘‘ठेवली कुणी? ज्यानं ठेवली त्यानं काढावी.’’

हे वाक्य तिच्या तोंडून या घरात पहिल्यांदाच निघालं असावं, कारण ते बोलून झाल्यावर ती स्वतःच जरा दचकली. प्रशांत उभाच राहिला. त्याच्या चेहऱ्यावर राग शोधला तर सापडला असता, लाज शोधली तर तीही. बहुतेक करून तो दमलेला दिसत होता. आई विनाकारण गेली हे त्याला आत्ताच, गंध लावून झाल्यावर, पहिल्यांदा कळलं होतं. तो बाहेर गेला. जीपचं मागचं दार उघडल्याचा आवाज आला. त्यानं बॅग आणून ओसरीवर ठेवली. आत आणली नाही. ती तृप्तीनंच नेली.

सुमनबाईनं मग लुगडं पुढे केलं, आणि ते घ्यायला कुणीतरी मोठं हवं म्हणून आत्या उठली.

जेवणं उरकली. पाहुणे निघाले. जीप गेली, नेपानगरची मंडळी गेली. अमृता पायऱ्यांवर उभी राहून सगळ्यांना हात जोडत होती. धुरपदाबाई आणि मालूबाई गल्लीच्या वळणाशी रिक्षाची वाट बघत होत्या. त्यांना वाटलं, आवाज तिथपर्यंतच राहील.

‘‘लेकीनं सांगू दिलं नाही,’’ धुरपदाबाई म्हणत होत्या. ‘‘मतलब काहीतरी असंलच. नाहीतं एवढं उठून सांगायची काय गरज पडली?’’

‘‘मी म्हणू राहिले ना,’’ मालूबाई म्हणाल्या.

रिक्षा आली. धुरपदाबाईंनी एक पाय आत ठेवला.

अमृताला काही नवल वाटलं नाही. एवढ्या वर्षांच्या शिकवण्यात तिनं एकही चांगलं कथानक एका तासात मेलेलं पाहिलं नव्हतं. ही गोष्ट गाव सोडून जाईल, जैनाबादला पोचेल, तिथं तिला नवे हातपाय फुटतील. ती पायऱ्या उतरली. अनवाणीच होती. गल्लीतल्या फरशा तापल्या होत्या.

‘‘धुरपदाबाई,’’ तिनं हाक मारली. ‘‘खाली उतरा जरा.’’

‘‘रिक्षा आली ना बाई. जैनाबादले जायचं हाय.’’

‘‘थांबेल रिक्षा. भैया, इंजन बंद करो.’’

रिक्षावाल्यानं एकदा हिच्याकडे, एकदा तिच्याकडे पाहिलं आणि किल्ली फिरवली. आवाज बंद झाला. समोरच्या घरातली बाई उंबऱ्यात येऊन उभी राहिली. धुरपदाबाईंचा एक पाय अजून रिक्षातच होता.

‘‘तुम्हाला मघाशी नीट ऐकू आलं नाही,’’ अमृता म्हणाली. ‘‘पुन्हा सांगते. उद्या परत आलात तर उद्याही सांगेन. आई झोपेत गेली. आता पुढचं ऐका.’’